फ्रान्सबाईंच्या आधी कोण?

सासूबाईंच्या वहीत पहिल्या पानावर वर मधोमध ‘श्री’ आहे, त्याखाली ‘फुले’ असा मथळा, आणि मग पहिली नोंद : ‘वटपौर्णिमा. स्टेला. एक.’ वर्ष २०१४. वही इथल्या डॉलर-दुकानातली, पण आखणी थेट वाईच्या घरातल्या दुधाच्या हिशोबाची. डावीकडे तिथी, मध्ये नाव, उजवीकडे किती फुलं. एखाद्या दिवशी ‘खाडा’ असंही लिहिलेलं आहे. त्या रात्री हरणं येऊन कळ्या खाऊन गेली होती.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. घराच्या मागच्या कुंपणालगत तीसेक फुटांचा एक वाफा आहे आणि त्यात सगळ्या डे-लिली. नावात लिली असली तरी ती खरी लिली नव्हे. खाली कांद्यासारखा कंद नसतो. जाड, मांसल मुळांचा गड्डा असतो. वर गवतासारखी लांब पाती, मधून एक उंच दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंधरा-वीस कळ्या. रोज एखाददुसरी उमलते, संध्याकाळी मिटते आणि संपते. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, म्हणजे ग्रीकमध्ये ‘दिवसाचं सौंदर्य’. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना कौतुकानं हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. ही तुझी त्याहून दोन दिवसांनी कमीच की.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या आधी वाफ्यात होत्या. कालची मिटलेली फुलं हातानं खुडून बादलीत टाकणं हे या झाडांचं रोजचं काम. ती फुलं ओली, लिबलिबीत होतात, बोटांना जांभळट डाग पडतात. मला त्याचा कंटाळा. सासूबाई मात्र त्याला ‘निर्माल्य काढणं’ म्हणायच्या आणि मग ते काम कंटाळ्याचं उरलं नाही. त्यांना या फुलाचा एक गुण फार आवडला. सकाळी खुडून पाण्याशिवाय नुसतं ताम्हनात ठेवलं तरी ते संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतं आणि दिवेलागणीनंतर स्वतःच मिटून जातं. “देवावरून कधी उतरवायचं ते याला सांगावं लागत नाही.”

इंग्रजी नावं त्यांना लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी बारसं केलं. ‘स्टेला डी ओरो’ ही स्टेलामावशी. ‘फ्रान्स हाल्स’ हे खरं तर एका डच चित्रकाराचं नाव, पण तीन पाकळ्या विटकरी आणि तीन पिवळ्या असं ते ठसठशीत फूल बघून त्या म्हणाल्या, ही काठापदराची बाई आहे. झाली फ्रान्सबाई. गर्द लाल ‘शिकागो अपाची’ म्हणजे आप्पा. आणि ‘ऑटम मिनरेट’, साडेपाच फूट उंच दांड्याची, सगळ्यात शेवटी येणारी, ती नुसती मिनार. ‘हायपेरियन’ मात्र हायपेरियनच राहिली. तिचा वास इतका छान, की नावाकडे लक्षच गेलं नाही म्हणे.

वहीचं कारण साधं होतं. सासूबाईंना एकाच प्रश्नाचा छंद लागला होता : पुढच्या वर्षी याच क्रमानं येतील का?

हा प्रश्न त्यांच्याकडे गावाहून आलेला. तिकडे शिमग्याच्या आगेमागे पळस-पांगारा, मग उन्हात बहावा, मृग लागल्यावर पहिल्या पावसाच्या फुलांची घाई, भाद्रपदात तेरडा गौरीपुरता. हा क्रम कुणी लिहून ठेवत नाही, पण बिघडला तर सगळ्यांना कळतं. फक्त पावसाळी लिली, ती गुलाबी-पांढरी, तिला क्रमबीम काही नाही. एक सर पडली की चार दिवसांत हजर. इथल्या वाफ्यातल्या कोणत्या जातीच्या, पावसाळी लिलीच्या की बहाव्याच्या, हे त्यांना ठरवायचं होतं.

इथल्या लोकांनाही हा प्रश्न जुनाच. १९४६ मध्ये आयोवात डे-लिलीवाल्यांची संस्था स्थापन झाली. नव्या वाणाची नोंद तिच्याकडे होते तेव्हा रंग आणि उंचीबरोबर बहराचा काळही लिहावा लागतो : अगदी आधीची, आधीची, मधली, उशिराची, अगदी उशिराची आणि त्यांच्या अधल्यामधल्या पायऱ्या. आज नोंदलेले वाण लाखाच्या घरात आहेत. तारीख मात्र कुणीच लिहीत नाही. सुरुवातीला मला हा आळस वाटला होता. तारीख लिहायची तर कुठली लिहिणार, हे सासूबाईंच्या वहीमुळे कळलं.

त्या लिहायच्या तिथी, मी माझ्या फोनमध्ये लिहायची तारीख. पहिल्या वर्षी काही वाटलं नाही. २०१५ मध्ये गोंधळ झाला, कारण त्या वर्षी अधिक आषाढ. १७ जून ते १६ जुलै, म्हणजे नेमका आमच्या वाफ्याच्या भरातला महिना. २०१४ ला मिनार नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी उमलली होती. २०१५ ला ती आली तेव्हा आषाढसुद्धा सरला नव्हता. वहीकडे बघून सासूबाई म्हणाल्या, “ही तीन आठवडे आधी आली.” मी फोन बघितला : ८ ऑगस्ट आणि ५ ऑगस्ट. तीन दिवसांचा फरक. आम्ही दोघी खरं बोलत होतो आणि स्वयंपाकघरात चांगला अर्धा तास भांडलो.

आषाढी एकादशीचं तर विचारूच नका. विठोबाला तुळस हवी, ती खिडकीतल्या कुंडीत होती. पण त्याबरोबर वाफ्यातलं एक फूल ठेवायचं हा सासूबाईंनी इथे पाडलेला रिवाज. २०१४ ला एकादशी ९ जुलैला होती, हायपेरियन ठेवली. २०१५ ला ती गेली थेट २७ जुलैला. हायपेरियन संपत आलेली, आप्पा ठेवले. २०१७ ला एकादशी ४ जुलैला आली. बाहेर अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके आणि देव्हाऱ्यात रस्त्याकडेची नारिंगी रानटी डे-लिली, कारण बाकी कुणी अजून फारसं उमललंच नव्हतं. त्या रात्री वहीत त्यांनी लिहिलं आहे : ‘एकादशी फिरते. फुलं फिरत नाहीत.’ खाली ठळक रेघ.

माझा त्यावर एक आक्षेप होता, आणि तो २०१२ चा होता. तेव्हा सासूबाई इथे नव्हत्या, वाफाही नुकता रांगेला लागला होता. त्या वर्षी मार्च महिना अमेरिकेच्या हवामानाच्या नोंदींतला सगळ्यात उष्ण मार्च ठरला. शिकागोत मार्चमध्ये लोक अर्ध्या चड्डीत तलावाकाठी फिरत होते. झाडं फसली. मिशिगनमध्ये आंबट चेरीच्या बागा आधीच मोहरल्या, एप्रिलमध्ये गोठवणारी थंडी परत आली आणि त्या राज्याचं सुमारे नव्वद टक्के आंबट चेरीचं पीक गेलं. डे-लिलीचं तसं काही बिघडलं नाही, पातीची टोकं तेवढी करपली. पण स्टेलामावशी, जी आमच्याकडे एरवी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते, ती २१ मेला उमलली. माझ्या फोनमध्ये तिच्यापुढे तीन उद्गारचिन्हं आहेत.

मग फुलं फिरली नाहीत असं कसं म्हणायचं? सासूबाईंनी माझ्या २०१२ च्या नोंदी वाचून दाखवायला लावल्या. आधी स्टेला, मग हायपेरियन, मग फ्रान्सबाई, मग आप्पा, शेवटी मिनार. त्या म्हणाल्या, “रांग तीच आहे की. गाडी लवकर सुटली एवढंच.”

आणि उलट बाजूचा पुरावा त्यांच्याच पहिल्या पानावर होता. २०१४ चा तो हिवाळा. जानेवारीत ध्रुवावरची थंडी खाली उतरून शिकागोवर बसली होती. सुपीरियर सरोवरात मे महिन्यातही बर्फ तरंगत होता. म्हणून त्या वर्षी मावशी वटपौर्णिमेपर्यंत, १२ जूनपर्यंत थांबली. पण तिच्यामागून येणारे सगळेही तिच्यामागेच थांबले.

यामागे काही जादू नाही. या झाडांना तारीख कळत नाही, ऊब कळते. हिवाळा सरल्यावर तापमान एका ठरावीक पातळीच्या वर गेलं, की ती वरची ऊब दिवसागणिक जमा होत जाते. शेतीवाले त्याचा हिशोबच ठेवतात, डिग्री-डे म्हणतात त्याला. मी सासूबाईंना पोस्टातल्या रिकरिंगचं उदाहरण दिलं. सगळ्यांचं खातं एकाच पोस्टात, सगळ्यांचा हप्ता सारखा, फक्त प्रत्येकाची भरायची रक्कम वेगळी. मावशीची कमी, मिनारची भलीमोठी. मार्चमध्येच मोठे हप्ते पडले तर सगळ्यांचीच खाती लवकर भरतात, पण मावशीच्या आधी मिनारचं खातं भरणं शक्य नाही. दिवसाची लांबी, माती, पाणी यांचाही हात असतो, पण मुख्य हिशोब हा.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, जी मला वहीशिवाय दिसली नसती. २०१२ मध्ये स्टेला जवळजवळ तीन आठवडे आधी आली. मिनार मात्र जेमतेम दहाएक दिवस आधी, २७ जुलैला. वसंतातलं हवामान इथे दारुड्यासारखं असतं, आज बर्फ, उद्या घाम. जुलै मात्र दरवर्षी साधारण जुलैसारखाच. त्यामुळे आधी येणारे जास्त हलतात, उशिरा येणारे कमी. रांग मोडत नाही, पण ती रबराची आहे. पुढचं टोक ताणलं जातं, मागचं टोक खुंटीला.

आता रांग अजिबात मोडत नाही असं म्हटलं तर वाफाच मला हसेल. दोन्ही टोकं पक्की. मधल्या गर्दीत मात्र रेटारेटी चालते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एका वेळी आठ-नऊ प्रकार उमलायला टेकलेले असतात आणि त्यांच्या रकमांत दोन-चार दिवसांचाच फरक. तिथे एक वळवाचा पाऊस किंवा ढगाळ आठवडासुद्धा पुरतो. शिवाय माणसं ढवळाढवळ करतात ती वेगळीच. एका ऑगस्टमध्ये मी फ्रान्सबाईचा गड्डा फार पसरला म्हणून कुदळीनं फोडून तीन ठिकाणी लावला. पुढच्या जुलैत तिघींपैकी एक उशिरा उमलली, एक त्याहून उशिरा, तिसरीनं दांडाच काढला नाही. सासूबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी कबूल केलं. त्या म्हणाल्या, “बाळंतिणीला कामाला लावलंस.”

जागेचा फरकही मोठा. गावातल्या एका बँकेच्या पार्किंगमध्ये स्टेलाची रांग आहे. तशी ती प्रत्येक पार्किंगमध्ये असते. पेट्रोल पंपावर, दवाखान्यापुढे, हमरस्त्याच्या दुभाजकात. हा वाण वॉल्टर याब्लोन्स्की नावाच्या माणसानं १९७५ मध्ये नोंदवला. तो शेजारच्या इंडियाना राज्यातल्या मेरिलव्हिलचा, आमच्यापासून फार तर दीड तास. तर बँकेतल्या त्या स्टेला आमच्या मावशीपेक्षा आठवडाभर आधी येतात, कारण चारी बाजूंनी डांबर तापतं. एकाच वाणाचा आठवड्याचा फरक, गाडीनं पाच मिनिटांच्या अंतरात! म्हणून माझ्या वाफ्याच्या तारखा दुसऱ्याच्या वाफ्याला लावण्यात अर्थ नाही. क्रम लावता येतो.

मावशीबद्दल आणखी एक तक्रार. ती परत परत बहरते. पहिला भर ओसरला की थोडी दम खाते आणि मग थंडी पडेपर्यंत अधूनमधून एखादं फूल टाकत राहते. वहीत जुलैअखेरीस एक नोंद आहे : ‘स्टेला पुन्हा. ही धरायची नाही.’ बरोबरच आहे. जी कार्यक्रमाला सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात शेवटी जाते, तिच्यावरून क्रम कसा लावणार?

क्रमाचा खरा उपयोग झाला तो एका भांडणात. मी एका नर्सरीच्या शरद ऋतूतल्या सेलमधून हायपेरियनचं दुसरं रोप आणलं होतं. पट्टीवर स्वच्छ ‘हायपेरियन’. हायपेरियन हा १९२४ चा वाण, फोर्ट वेन इथल्या मीड नावाच्या माणसाचा, म्हणजे तोही इंडियानाचाच. उंच, लिंबासारखा पिवळा, सुगंधी. शंभर वर्षं झाली तरी लोक लावतात, यातच आलं. २०१५ च्या मे महिन्यात नव्या रोपावर पहिलं फूल आलं : उंच, लिंबासारखं पिवळं, सुगंधी. मी खूश. सासूबाई वही घेऊन आल्या.

“ही हायपेरियन नव्हे.”

“आई, वास घेऊन बघा.”

“वास आहे. पण हायपेरियन स्टेलाच्या नंतर येते, ही आधी कशी आली? स्टेलाचा अजून दांडासुद्धा दिसत नाही.”

मी म्हटलं, नवीन जागा आहे, ऊन जास्त असेल. त्या म्हणाल्या, ऊन जास्त म्हणून चार दिवस आधी येईल, दीड महिना नाही. मी वाद घालत राहिले. जुलैत जुनी हायपेरियन उमलली तेव्हा नव्या रोपावर नुसती हिरवी पाती होती, सगळं उरकून बसलेली. जरा जवळून पाहिल्यावर पटलं. फूल लहान, पाकळ्या अरुंद. ती निघाली जुनी जंगली जात, इथे तिला ‘लेमन लिली’ म्हणतात. युरोपातल्या बागांत ती सोळाव्या शतकापासून आहे. नर्सरीला मेल केला तर त्यांनी दहा डॉलरचं कुपन पाठवलं. रंग सारखा, वास सारखा, उंचीही जवळपास. तिला पकडलं ते तिच्या रांगेतल्या जागेनं. वहीत तिचं नाव ‘तोतया’. ती अजून वाफ्यात आहे आणि दरवर्षी सगळ्यात पहिली येते.

या उपनगरांत असला नाद करणारे आम्हीच पहिले नव्हतो हे नंतर कळलं. शिकागोच्या आजूबाजूला डे-लिलीचा मोठाच कारखाना चालला होता. आप्पा ज्यांच्या हातचे ते जेम्स मार्श शिकागोचेच. त्यांच्या वाणांच्या नावांत म्हणूनच ‘शिकागो’ आणि ‘प्रेअरी’ सारखं येतं. उत्तरेकडच्या टेक्नी इथल्या ख्रिस्ती मठात ब्रदर चार्ल्स रेकँप प्रार्थना सांभाळून चुणीदार पाकळ्यांची फिकी फुलं घडवत होते. नॉर्थब्रुकचे ऑर्व्हिल फे आणि डीपॉल विद्यापीठाचे रॉबर्ट ग्रीसबाख यांनी कोल्चिसिन नावाचं रसायन वापरून गुणसूत्रांची संख्या दुप्पट केलेली जाडजूड फुलांची रोपं तयार केली. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्यांचं लक्ष मठावर. “देवाची फुलं देवाच्या माणसानं केली, त्यात काय.”

त्यांना खरं कौतुक वाटलं ते रस्त्याकडेच्या नारिंगी रानटी फुलाचं. चराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांजवळ, पडक्या शेतघरांभोवती ते झुंडीनं असतं. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातल्या आर्लो स्टाउट यांनी ते तपासलं तेव्हा दिसलं की त्याची गुणसूत्रं तिपटीत आहेत, त्यामुळे ते जवळजवळ वांझ. बी धरत नाही. ते पसरलं ते गड्ड्यांच्या तुकड्यांतून, एकीनं दुसरीला दिलेल्या पिशवीतून. म्हणजे जॉर्जियापासून कॅनडापर्यंत रस्त्याकडेला दिसणारं हे फूल बहुतेक ठिकाणी एकच झाड आहे, हजार तुकड्यांत. आणि एकच झाड असेल, तर तारखांत फरक पडतो तो फक्त जागेचा.

हे कळल्यावर आमच्या मंडळातल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी कामाला लावला. अटलांटाच्या मैत्रिणीकडून फोटो आला मेच्या शेवटी. न्यू जर्सीतून जूनच्या मध्यानंतर. आमच्याकडे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. टोरांटोहून जुलै लागल्यावर. हॉपकिन्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १९१८ मध्ये एक ठोकताळा मांडला होता : वसंतात उत्तरेकडे एक अंश अक्षांश सरकलं की चार दिवसांचा उशीर. अटलांटा आणि शिकागो यांत आठेक अंश, म्हणजे महिनाभर. चपखल बसलं. मी ग्रुपवर हे सगळं मोठ्या उत्साहानं लिहिलं. उत्तरादाखल चार अंगठे आणि एक ‘याची भाजी होते का गं?’ आली. (होते. चिनी लोक वाळवलेल्या कळ्या सूपमध्ये घालतात. पण सगळ्या जातींच्या नव्हे, आणि घरात मांजर असेल तर हे झाडच नको. मांजरांना ते विषारी आहे.)

२०१८ नंतर सासूबाई आल्या नाहीत. गुडघे, मग ती दोन वर्षं, मग परत गुडघे. वही जाताना माझ्याकडे ठेवून गेल्या, आणि माझं अक्षर आता त्यांच्या आखणीत बसलं आहे. तिथी आणि तारीख दोन्ही लिहिते. जुलैत रोज सकाळी फोन येतो. तिकडे संध्याकाळ असते, मागे टीव्हीवर मालिका.

मागच्या जुलैत मी सांगितलं, “आई, आज आप्पा आले. फ्रान्सबाई अजून कळीच आहे.”

तिकडे मालिकेचा आवाज बंद झाला.

“आप्पा आधी? शक्य नाही. परत बघ.”

नोंदणीत दोन्ही वाण एकाच काळाचे आहेत, मधल्याच्या नंतरचे, तेव्हा एखाद्या दिवसानं अदलाबदल होणारच, असं मी म्हटलं. त्यांना नोंदणीशी काही देणंघेणं नव्हतं. वहीत इतक्या वर्षांत एकदाही असं झालेलं नाही. मी फोन घेऊन वाफ्यात गेले. चपला दवानं भिजल्या. आप्पा पूर्ण उमललेले, गर्द लाल, एका पाकळीवर मुंगळा. शेजारी फ्रान्सबाईची कळी फुगलेली, टोकाला विटकरी रंग चढलेला, पण घट्ट मिटलेली. मी कॅमेरा जवळ नेला.

बराच वेळ त्या बघत होत्या.

“आप्पांना पाणी जास्त घातलं असशील तू,” त्या म्हणाल्या. “लिही. पण पेन्सिलनं लिही.”